अंकुरांचा सोबती : जगदीशचंद्र बोस

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारे मेघ येथवर येईपर्यंत बहुतेक रिते झालेले असतात. म्हणून या मुलखात पाण्याला मोल आहे आणि उन्हाला धार आहे. घोड व भीमा या नद्यांच्या काठी उसाचे मळे हिरवेगार दिसतात. नदीपासून दूर गेले, की बाजरी-ज्वारीची शेते आणि उघडी माळराने लागतात. येथील शेतकरी कांद्याचे बी प्रथम गादीवाफ्यावर टाकतो. सहा-सात आठवड्यांत रोपे वीतभर वाढली, की ती हलक्या हाताने उपटून शेतात लावतो. लावणीनंतरचे पहिले काही दिवस मोठ्या काळजीचे असतात. काल टवटवीत दिसणारी रोपे आज माना टाकतात. त्यांची पात मलूल होते. शेतकरी पाणी देतो आणि वाट पाहतो. काही दिवस असेच जातात आणि एके सकाळी तीच रोपे पुन्हा ताठ उभी राहिलेली दिसतात.

हा प्रकार शेतकऱ्याच्या घरातील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. परंतु नित्य दिसणाऱ्या गोष्टींविषयी प्रश्न विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. रोपाला इजा होते, म्हणजे नेमके काय होते? ती इजा भरून कशी येते? ज्या सूर्यप्रकाशावर रोप जगते, तोच प्रकाश त्याला कधी बाधतो काय? आणि मुके रोप या प्रश्नांची उत्तरे देणार तरी कसे? त्या मुक्या रोपाच्याच हाती लेखणी द्यावी आणि त्याच्याकडूनच ही उत्तरे लिहवून घ्यावीत, असा ध्यास भारतातील एका शास्त्रज्ञाने घेतला. त्या थोर शास्त्रज्ञाचे नाव जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगाल प्रांतातील मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगला देशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी मोठ्या हुद्द्यावरील लोक आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यात भूषण मानीत. भगवानचंद्रांची दृष्टी मात्र निराळी होती. मुलाने प्रथम आपली मातृभाषा शिकावी, आपल्या लोकांत मिसळावे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी जगदीशचंद्रांना गावातील बंगाली शाळेत घातले. तेथे त्यांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा मुलगा बसे. नदीतील मासे, रानातील पाखरे, पाण्यातील जीवजंतू यांच्या गोष्टी हे सवंगडी सांगत आणि छोटा जगदीश त्या कान देऊन ऐके. निसर्गाविषयीचे त्यांचे कुतूहल या बाकावरच जागे झाले.

त्यांना शाळेत नेण्या-आणण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो माणूस एकेकाळचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला पकडून तुरुंगात धाडले होते. शिक्षा भोगून तो बाहेर आला, तेव्हा त्याला कोणी कामावर ठेवीना. भगवानचंद्रांनी त्याला आपल्या घरी आश्रय दिला व आपला लहान मुलगा त्याच्या खांद्यावर बसविला. त्या माणसाने हा विश्वास शेवटपर्यंत सार्थ केला. मनुष्य पडला तरी पुन्हा उभा राहू शकतो, हा धडा जगदीशचंद्रांना असा घरीच मिळाला.

पुढे कलकत्त्यास शिकत असताना वसतिगृहात राहणाऱ्या या मुलाने आपल्यापुरती लहानशी बाग केली होती. सुटीचा वेळ तो त्या झाडांच्या संगतीत घालवी. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों या नावाचे विज्ञानाचे प्राध्यापक होते. ते प्रयोग करून विषय समजावून देत. त्यांच्यामुळे जगदीशचंद्रांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली. पदवी मिळाल्यावर विलायतेस जाऊन पुढील शिक्षण घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. परंतु वडिलांनी लोकहितासाठी काढलेले काही उद्योग बुडाले होते आणि घरावर कर्ज झाले होते. अशा वेळी आई आपले दागिने विकावयास सिद्ध झाली. १८८० मध्ये जगदीशचंद्र इंग्लंडला गेले. प्रथम ते वैद्यक शिकू लागले; परंतु तापाने त्यांना इतके जर्जर केले, की तो अभ्यासक्रम सोडावा लागला. मग त्यांनी केंब्रिज येथे विज्ञानाचा अभ्यास केला. थोर शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हे तेथे त्यांचे गुरू होते. १८८४ मध्ये केंब्रिज व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते शिक्षण पुरे करते झाले.

१८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे एक कटू अनुभव त्यांची वाट पाहत होता. एकाच कामासाठी युरोपियन प्राध्यापकाला जो पगार मिळे, त्याच्या दोनतृतीयांशच पगार हिंदी प्राध्यापकाला देण्याची रीत होती. आणि नेमणूक हंगामी असल्याने जगदीशचंद्रांच्या वाट्याला त्याचेही अर्धेच येणार होते. घरी कर्जाचा डोंगर होता. पैशाची निकड फार होती. तरीही त्यांनी हा अपमान मुकाट्याने सोसला नाही, आणि त्यासाठी आपले कामही सोडले नाही. ते रोज कॉलेजात जाऊन मन लावून शिकवीत. मात्र महिन्याच्या शेवटी येणारा पगार घेण्याचे नाकारीत. असे एक-दोन महिने नव्हे, तर तब्बल तीन वर्षे चालले. शेवटी त्यांची योग्यता व त्यांचा निग्रह यांपुढे सरकारला नमावे लागले. त्यांची नेमणूक कायम झाली व मागील तीन वर्षांचा पूर्ण पगार त्यांना एकदम मिळाला. ती रक्कम त्यांनी वडिलांच्या कर्जफेडीसाठी वापरली.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. जगदीशचंद्रांनी एक चिंचोळी खोली मिळविली. तिचे क्षेत्रफळ अवघे चोवीस चौरस फूट होते. पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराला हाताशी धरून ते स्वतःची यंत्रे स्वतःच बनवू लागले. दिवसभर अध्यापन आणि उरलेल्या वेळी संशोधन, असा क्रम सुरू झाला. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी एक अद्भुत प्रयोग करून दाखविला. त्यांच्या यंत्रातून निघालेल्या अदृश्य विद्युत्‌लहरी भिंती पार करून गेल्या आणि पलीकडील खोलीतील घंटा आपोआप वाजली. दोन्हींच्या मध्ये तार नव्हती. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे. या शोधांवर पैसा मिळविण्याची संधी त्यांच्याकडे चालून आली होती. परंतु ज्ञान सर्वांचे आहे, या भावनेने ते धनाच्या मागे लागले नाहीत.

या लहरी टिपणाऱ्या उपकरणांवर काम करीत असताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. उपकरणातील धातू सतत काम केल्यावर जणू थकत असे आणि थोडी विश्रांती मिळाली, की पुन्हा नीट काम करू लागे. निर्जीव धातूत जर असा थकवा आणि अशी उभारी दिसते, तर निर्जीव वस्तू व प्राणी यांच्या मधोमध उभ्या असलेल्या वनस्पतींत काय दिसेल? या विचाराने त्यांना झपाटले. पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक कोबीची पाने, गाजरे, मुळे आणि लाजाळूची रोपे घेऊन प्रयोगाला बसला. वनस्पतीला डिवचले असता तिच्या अंगात सूक्ष्म विद्युत्‌स्पंद उमटतो, असे त्यांनी दाखविले. लाजाळू पाने मिटून आपला प्रतिसाद उघड करते. इतर वनस्पती तो आपल्या पोटात ठेवतात, एवढाच काय तो फरक.

हे विचार घेऊन जगदीशचंद्र १९०१ मध्ये लंडनला गेले. जून महिन्यात रॉयल सोसायटी या विख्यात संस्थेपुढे त्यांनी आपले प्रयोग मांडले. तेव्हा शरीरशास्त्राच्या एका वयोवृद्ध पंडिताने हरकत घेतली. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरू नये आणि आपल्या निबंधातील भाषा बदलावी, असे त्याचे म्हणणे होते. भाषा बदलली असती, तर निबंध सुखाने छापला गेला असता. परंतु जे प्रयोगात दिसले, ते केवळ कोणाला रुचत नाही म्हणून निराळ्या शब्दांत झाकणे जगदीशचंद्रांना मान्य नव्हते. परिणामी तो निबंध छापला गेला नाही. परक्या देशात, ख्यातनाम विद्वानांच्या रोषाला तोंड देत ते एकटे उभे राहिले. पुढील वर्षी लिनीयन सोसायटी या दुसऱ्या संस्थेने त्यांचे काम पाहिले आणि प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांचा सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांविषयीचा ग्रंथही बाहेर पडला. पगाराच्या लढ्यात तीन वर्षे लागली होती. या लढ्यात वीस वर्षे लागणार होती.

आपल्यावर विश्वास बसत नाही, याचे कारण जगदीशचंद्रांनी ओळखले. वनस्पतीत घडणाऱ्या हालचाली इतक्या सूक्ष्म असतात, की त्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्या दिसू लागल्या, तरच जग मानील. रोपाच्या वाढीचेच पाहा. सामान्य रोप एका सेकंदात इंचाच्या सुमारे एक लक्षांश भागाइतकेच वाढते. गोगलगाय ही मंद चालीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु रोपाच्या वाढीशी तुलना केली, तर गोगलगाय सुमारे दोन हजार पट वेगाने धावते, असे म्हणावे लागेल. अशी वाढ मोजण्यासाठी दिवसचे दिवस थांबावे लागे. आणि तेवढ्या काळात ऊन, वारा, थंडी, पाणी सारेच बदलून जाई. मग कोणत्या कारणाने वाढ मंदावली आणि कोणत्या कारणाने ती वाढली, हे ठरवावे कसे?

या अडचणीतून त्यांनी एक अपूर्व यंत्र निर्माण केले. त्याचे नाव क्रेस्कोग्राफ, म्हणजे वाढ लिहून ठेवणारे यंत्र. त्याची रचना समजण्यास कठीण नाही. विहिरीवरची लांब तरफ आठवावी. तिचे आखूड टोक जरासे हलले, तरी लांब टोक पुष्कळ हलते. जगदीशचंद्रांनी रोपाचा शेंडा एका हलक्या तरफेला जोडला. त्या तरफेला दुसरी तरफ जोडली. प्रत्येक तरफ हालचाल शंभर पट करी. म्हणून दोन्ही मिळून ती दहा हजार पट होई. दुसऱ्या तरफेच्या टोकापुढे काजळी धरलेली काच हळूहळू सरकत असे. ते टोक काचेवर ठराविक वेळाने टेके आणि काजळीत एकेक ठिपका उमटे. ठिपके लांब लांब पडले, तर रोप वेगाने वाढत आहे. जवळ जवळ पडले, तर वाढ मंदावली आहे. एकाच ओळीत पडू लागले, तर वाढ थांबली आहे. मुक्या रोपाच्या हाती अशी लेखणी आली. चुंबकाच्या साहाय्याने चालणारे आणखी एक यंत्र त्यांनी बनविले. ते रोपाची वाढ एक कोटी पट मोठी करून दाखवी.

आता काही मिनिटांत रोपाची कहाणी वाचता येऊ लागली. टाचणी टोचली, की ठिपके लगेच जवळ येत. थोड्या वेळाने ते पुन्हा लांब होऊ लागत. म्हणजे रोप सावरत असे. चाकूने खोल कापले, तर सावरण्यास अधिक वेळ लागे. जखम जितकी मोठी, तितका आराम लांब. हा शरीराचा नियम रोपालाही लागू असल्याचे काचेवर स्पष्ट उमटले.

नंतर जगदीशचंद्र प्रकाशाकडे वळले. सूर्यप्रकाश काचेच्या लोलकातून गेला, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा रंगपट्टा दिसतो. परंतु प्रकाश जांभळ्यापाशी संपत नाही. जांभळ्याच्या पलीकडेही किरण असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, हे जर्मनीतील रिटर या शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये दाखविले होते. त्यांनाच अतिनील किरण म्हणतात. या निरनिराळ्या किरणांचा कोवळ्या रोपावर काय परिणाम होतो, हे जगदीशचंद्रांनी क्रेस्कोग्राफवर पाहिले. तांबड्या व पिवळ्या प्रकाशाने वाढीत फारसा फरक पडला नाही. निळ्या प्रकाशाने ती मंदावली. आणि अतिनील किरण पडताच ठिपके एकदम दाटले. वाढीला सर्वांत मोठा अडसर याच किरणांनी घातला. प्रकाश थोडाच वेळ पडला असेल, तर तो दूर होताच रोप हळूहळू मूळ गतीवर येई. प्रखर प्रकाश फार वेळ पडला, तर मात्र सावरणे कठीण जाई. १९१९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत हे प्रयोग तपशिलाने आले आहेत. ज्या किरणांना मनुष्याचे डोळे पाहू शकत नाहीत, ते रोपाला मात्र जाणवतात, असे त्यांनी यातून दाखविले.

मध्यंतरी १९१५ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले होते. आपल्याला संशोधनाच्या आरंभी जी चणचण सोसावी लागली, ती पुढील पिढीला सोसावी लागू नये, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पत्नी अबलादेवी यांच्या साथीने काटकसरीने साठविलेली पुंजी त्यांनी या कामी लावली. देशातील दानशूरांनीही हातभार लावला. त्यांत मुंबईचे नागरिकही होते. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यास बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली. संस्थेच्या नावात मंदिर हा शब्द त्यांनी जाणून घातला होता. सत्याचा शोध ही त्यांच्या दृष्टीने पूजाच होती.

विरोध मात्र सरला नव्हता. क्रेस्कोग्राफवर दिसणारी वाढ ही खरी वाढ नसून यंत्राचा भास असावा, अशी शंका इंग्लंडातील एका शास्त्रज्ञाने वृत्तपत्रातून जाहीरपणे काढली. जगदीशचंद्र रागावले नाहीत. त्यांनी आपले यंत्र लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेऊन मांडले आणि परीक्षकांना बोलाविले. १९२० च्या एप्रिल महिन्यात लॉर्ड रॅले यांचे पुत्र व इतर नामांकित शास्त्रज्ञ यांच्यासमोर ही परीक्षा झाली. एवढ्याशा यंत्रावर एका माणसाची सारी प्रतिष्ठा त्या दिवशी पणाला लागली होती. रोपाने आपली साक्ष चोख दिली. दहा लक्ष ते एक कोटी पट मोठी करून दाखविलेली ती वाढ खरीच आहे, असे त्या शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने जगदीशचंद्रांना आपले सभासद करून घेतले. ज्या दारातून एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचा निबंध परत फिरला होता, तेच दार आता सन्मानाने उघडले.

जगदीशचंद्रांचे सर्वच विचार पुढे मान्य झाले, असे नाही. वनस्पतींना प्राण्यांसारखी मज्जासंस्था असते, ही त्यांची कल्पना शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. वनस्पतींना मनुष्यासारखे सुखदुःख होते, असेही सिद्ध झालेले नाही. परंतु वनस्पतींच्या शरीरात विद्युत्‌संदेश धावतात, प्रकाश, जखम, उष्णता यांना त्या प्रतिसाद देतात, हे आज सर्वत्र मानले जाते. खऱ्या संशोधकाचे मोठेपण त्याचा प्रत्येक शब्द अचूक ठरण्यात नसते. त्याने विचारलेले प्रश्न पुढच्यांना वाट दाखवितात, यात असते.

अतिनील किरणांचा प्रश्नही असाच पुढे गेला. हे किरण रोपाला कसे दुखवितात, हे जगदीशचंद्रांच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे कळून आले, की प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा शिडीसारखा दीर्घ रेणू असतो आणि पेशीने काय करावे, याची सारी नोंद त्यात असते. अतिनील किरण पडले, की या शिडीतील शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. मग ती नोंद नीट वाचता येत नाही. पेशींची वाढ अडते, पाने आखडतात, त्यांवर करपल्यासारखे डाग पडतात. परंतु निसर्गाने रोग दिला, तसा वैद्यही दिला आहे. १९४९ मध्ये केल्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाला आढळले, की अतिनील किरणांनी मरणोन्मुख झालेले सूक्ष्म जीव साध्या दृश्य प्रकाशात ठेवले असता पुन्हा जगू लागतात. पेशीतील एक विकर निळ्या प्रकाशाची शक्ती घेऊन ते चिकटलेले दुवे सोडविते. हेच विकर रोपांतही काम करते. म्हणजे जो सूर्य जखम करतो, तोच मलमपट्टीसाठी दिवाही धरतो. काही दुरुस्ती अंधारातही होते. शिवाय उन्हाची सवय होऊ लागली, की रोप आपल्या पानांच्या वरच्या थरात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये तयार करते. जणू अंगावर संरक्षक पांघरूण ओढून घेते.

सूर्यापासून निघालेले हे घातक किरण सारेच जमिनीवर आले असते, तर कोणतेही रोप तगले नसते. उंच वातावरणातील ओझोन वायूचा थर त्यांतील बहुतेक किरण अडवितो. मनुष्याने वापरलेल्या काही रसायनांमुळे हा थर विरळ होत असल्याचे विसाव्या शतकात लक्षात आले. तेव्हा १९८७ मध्ये जगातील राष्ट्रांनी माँट्रियल येथे करार करून त्या रसायनांना आळा घातला. दूर आकाशातील त्या थराचे रक्षण करणे, म्हणजे आपल्या वाफ्यातील अंकुराचेच रक्षण करणे होय.

आज शिरूर-दौंडकडील शेतकरी भाजीपाल्याची रोपे जाळीच्या सावलीत वाढवितो. ती एकदम भर उन्हात नेली, तर करपतात, हे त्याला अनुभवाने माहीत असते. म्हणून लावणीपूर्वी काही दिवस तो त्यांना थोडे थोडे ऊन दाखवितो, पाणी जरा बेताने देतो आणि मग ती शेतात लावतो. यालाच रोपे कणखर करणे म्हणतात. लावणीही तो शक्यतो दुपार टळल्यावर करतो, म्हणजे तुटलेल्या मुळ्यांना रात्रभर सावरण्यास अवधी मिळतो. थोडा ताण सोसून रोप बळकट होते. फार ताण पडला, तर ते कोलमडते. क्रेस्कोग्राफच्या काळ्या काचेवर जगदीशचंद्रांनी जे वाचले, ते आणि शेतकऱ्याने मातीत राबून जे ओळखले, ते असे एकमेकांशी जुळते.

जगदीशचंद्रांचे २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे निधन झाले. सत्तर वर्षांहून अधिक आयुष्यात त्यांनी दारिद्र्य, आजार, अन्याय आणि उपहास या साऱ्यांचे ऊन सोसले. ते मधून मधून कोमेजले असतील. पण त्यांनी मान टाकली नाही. लहानपणी कोळ्याच्या मुलाशेजारी बसून त्यांनी जे कुतूहल मिळविले, ते अखेरपर्यंत हिरवेच राहिले. लावणीनंतर माना टाकलेली कांद्याची रोपे पुन्हा ताठ उभी राहतात, तेव्हा वाफ्याच्या कडेला क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहावे. त्या इवल्याशा पातीत अहोरात्र चाललेली दुरुस्ती डोळ्यांना दिसत नाही. परंतु ती चाललेली असते, आणि तिचा माग काढण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले होते.